अर्धमेल्या अळीची शिकवणी

माणसाच्या सगळ्या अंगाला एकाच वेळी चार-पाच ग्रे (ग्रे हे अंगात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप) किरणोत्सार बसला आणि उपचार झाले नाहीत, तर अशा लोकांतले साधारण निम्मे दोनेक महिन्यांत दगावतात. गुरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीच्या अळीला ४०० ग्रे, म्हणजे याच्या जवळपास शंभरपट मात्रा दिली, तरी ती लगेच मरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर आधीसारखीच वळवळताना दिसते. अशा हजार अळ्या पाण्यातून वासराला पाजायच्या, चार आठवड्यांनी आणखी हजार पाजायच्या. पुढे ते वासरू कुरणावर गेलं आणि धडधाकट अळ्या गवताबरोबर त्याच्या पोटात गेल्या, तरी बहुतेकदा त्याला या कृमीचा जीवघेणा खोकला होत नाही.

ही लस १९५९ साली ब्रिटनमध्ये बाजारात आली. कृमींविरुद्ध विकली गेलेली ती पहिली लस. देवी, पोलिओ, गोवर यांच्या लशींबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण जंतांवरही लस असते हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास ‘जंताचं औषध म्हणताय का?’ असं विचारतो. औषध पोटातले जंत पाडतं आणि मोकळं होतं. लशीनं शरीराला काहीतरी शिकवायचं असतं. एक अर्धमेली अळी वासराच्या शरीराला काय शिकवते, आणि तीच युक्ती कोकराच्या बाबतीत का फसते, हे समजून घेण्यासारखं आहे.

किरणांनी अळीचं काय बिघडतं?

एक शंका आधी काढून टाकू. किरण मारलेली अळी स्वतः किरणोत्सारी होत नाही. क्ष-किरण किंवा गॅमा किरण तिच्या अंगातून जातात, जाता जाता मोडतोड करतात आणि विषय संपतो. दिवा घालवल्यावर भिंत काही उजेड देत राहत नाही. वासराच्या पोटात जातो तो एक अधू झालेला जीव. त्याच्याबरोबर किरण जात नाहीत.

मोडतोड होते ती मुख्यतः डीएनएची. डीएनए तुटलेली पेशी खरी अडचणीत येते ती विभागायची वेळ आल्यावर. आपल्या अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून किरणोत्साराचा पहिला तडाखा तिथे बसतो आणि माणूस त्यातून उठत नाही. अळीचं तसं नाही. प्राण्याच्या शरीरात शिरायला तयार असलेली, म्हणजे तिसऱ्या अवस्थेतली अळी बांधून पूर्ण झालेली असते. फुप्फुसकृमीची ही अळी तर काही खातसुद्धा नाही. जुन्या कातीत गुंडाळून घेऊन साठवलेल्या अन्नावर दिवस काढते. वळवळायला लागणाऱ्या स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या पेशी आहेत तेवढ्या तिला पुरतात.

खातं रिकामं असलं तरी चेक लिहिता येतोच, तो वटवायला गेल्यावर काय ते उघडकीला येतं. अळीचंही असंच होतं. ती आतड्यात उतरते, कात टाकते, भिंत भेदते, प्रवासाला निघते. पुढची कात टाकायची, अंगाने वाढायचं, जननेंद्रियं तयार करायची म्हटलं की नव्या पेशी लागतात, आणि तिथे तुटलेला डीएनए आडवा येतो. काही अळ्या वाटेत मरतात, काही खुरटलेल्या राहतात. क्वचित एखादी प्रौढ होतेही, पण तिला सहसा धड अंडी घालता येत नाहीत.

म्हणून ‘दुबळी केलेली अळी’ हा शब्दप्रयोग मला थोडा फसवा वाटतो. पहिले काही दिवस ती मुळीच दुबळी नसते. तिचं आयुष्य तेवढं आखडलेलं असतं, आणि ते किती आखडायचं हे किरणांच्या मात्रेवरून माणसाला ठरवता येतं. सगळी मेख इथे आहे.

कृमी हा विषाणू नव्हे

यजमान प्राण्याच्या बाजूने बघायचं तर आधी कृमीचा हिशेब कळायला हवा. विषाणू शरीरात शिरला की एकाचे कोटी होतात. बहुतेक कृमी यजमानाच्या शरीरात स्वतःची संख्या वाढवत नाहीत. फुप्फुसात शंभर कृमी सापडले, तर निदान शंभर अळ्या बाहेरून आत आल्या होत्या. त्यांची अंडी किंवा पिल्लं विष्ठेवाटे बाहेर पडतात, तिथे वाढतात आणि पुन्हा कुणाच्या तरी तोंडातून किंवा कातडीतून आत येतात. त्यामुळे कृमींचा आजार हा संख्येचा आजार आहे. पाच-दहा कृमी बाळगणारी गाय मजेत चरत असते, पाच-सातशे झाले की ती मरू शकते. शरीराने शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव अळ्या अडवल्या की आजार टळला, मग उरलेल्या पाच का राहेनात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कुत्र्यांच्या लशीचं घोडं पुढे इथेच अडणार आहे.

दुसरी अडचण आकाराची. जिवाणू आला तर पांढरी पेशी त्याला गिळते. अळी त्या पेशीच्या कितीतरी पट मोठी, वर चिवट कातडीची. तिला गिळणार कोण? म्हणून शरीराने कृमींसाठी वेगळीच व्यवस्था उभी केली आहे. आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी नावाच्या थोड्या, विखुरलेल्या पेशी असतात. त्या कृमीची चाहूल घेतात आणि धोक्याची सूचना देणारी रसायनं सोडतात, हे २०१६ मध्ये स्पष्ट झालं. ती सूचना मिळाली की प्रतिकारयंत्रणेचा कल एका विशिष्ट बाजूला झुकतो. इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ या संदेशवाहक प्रथिनांचा सुळसुळाट होतो. त्यांच्या सांगण्यावरून आतडं भरपूर श्लेष्मा सोडतं, त्याचे स्नायू जोरात आकुंचन पावू लागतात, इओसिनोफिल नावाच्या पेशी हजारोंनी जमतात, आणि आयजीई जातीची प्रतिपिंडं तयार होतात. धूळ किंवा परागकण यांची ॲलर्जी असणाऱ्याच्या शरीरात जो गोंधळ चालतो, तो जवळपास हाच. फरक एवढाच की कृमी आलेला असताना त्या गोंधळाला काही अर्थ असतो.

कृमीही गप्प बसत नाही. तोंडातून आणि अंगातून तो सतत काही ना काही स्रवत असतो. त्यातली काही द्रव्यं यजमानाच्या पेशी विरघळवून वाट करतात, तर काही चक्क यजमानाच्या प्रतिकाराला थोपटून झोपवतात. वर्षानुवर्षं आत राहायचं तर घरमालकाशी भांडून भागत नाही. मुरलेला कृमी यजमानात अशी सहनशीलता रुजवतो की शरीर त्याच्याकडे काणाडोळा करू लागतं. किरण मारलेल्या अळीला मात्र मुरायला वेळच मिळत नाही. ती ओळख करून देते आणि मैत्री जमायच्या आत संपते.

वासराच्या आत

आता मूळ गोष्टीकडे येऊ. गुरांच्या फुप्फुसकृमीचं नाव डिक्टिओकॉलस व्हिव्हिपेरस. गवताबरोबर पोटात गेलेली अळी आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडते आणि आतड्यालगतच्या लसिकाग्रंथींमध्ये पोहोचते. घसा दुखला की मानेला, पायाला जखम झाली की जांघेत जी गाठ हाताला लागते, अवधाण आलं म्हणतो आपण, त्याच प्रकारच्या या ग्रंथी. तिथे अळी कात टाकून चौथ्या अवस्थेत जाते. मग लसिकेतून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात. आठवड्याभरानंतर केव्हातरी ती केशवाहिन्या फोडून वायुकोशांत उतरते आणि श्वासनलिकांत मोठी होऊ लागते. गिळल्यापासून तीन-चार आठवड्यांत पांढऱ्या दोऱ्यासारखे, काही सेंटिमीटर लांबीचे कृमी नळ्यांत भरतात. वासरू मान पुढे काढून, जीभ बाहेर टाकून ढास लागल्यासारखं खोकत राहतं.

या मार्गात एक मोठी विसंगती आहे आणि लशीचं यश तिच्यावरच उभं आहे. लसिकाग्रंथी म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या शाळा. नवख्या पांढऱ्या पेशींना शत्रूची ओळख तिथेच पटते. आणि ही अळी तिथूनच जाते, तिथेच थांबते, तिथेच कात टाकते, म्हणजे कात फाडायला लागणारी प्रथिनंही तिथेच सांडते. एखाद्या चोराने पोलीस चौकीत बसून कपडे बदलावेत, तसा प्रकार. धडधाकट अळी चौकीत बंदोबस्त जमायच्या आत पुढे सटकते. किरण मारलेली अळी तिथे रेंगाळते किंवा फुप्फुसात पोहोचल्यावर लवकरच मरते. रोग होण्याइतका वेळ तिला मिळत नाही, शरीराला मात्र तिची पुरेशी ओळख होते.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाखेतल्या मंडळींनी १९५०च्या दशकात हे पायरी-पायरीने शोधून काढलं. जॅरेट, जेनिंग्ज, मॅकिंटायर, मुलिगन आणि अर्कहार्ट अशी पाच नावं या कामाशी जोडलेली आहेत. (यातल्या विल्यम जॅरेट यांनी पुढे १९६४ मध्ये मांजरांना रक्ताचा कर्करोग देणारा विषाणू शोधला. एकाच माणसाने दोन वेगळ्या दुनियांत इतकं काम करून ठेवावं, याचं मला नेहमी नवल वाटतं.) त्यांनी आधी आजारातून तगलेल्या गुरांच्या रक्तातला द्रव निरोगी वासरांना टोचून बघितला. १९५५ मध्ये दिसलं की त्या वासरांना बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणजे प्रतिकार होतो हे पक्कं, आणि त्यात प्रतिपिंडांचा वाटा आहे हेही. मग मेलेल्या कृमींचा कुटून केलेला अर्क टोचून पाहिला, त्याने फारसं काही साधलं नाही. मेलेल्या कृमीच्या अर्कात त्याचं सगळं शरीर आलं, पण तो जिवंतपणी काय काय स्रवतो, कात कुठे टाकतो, कुठल्या ग्रंथीतून जातो, हे त्यात येत नाही. शरीराला नेमकी ती माहिती हवी होती. तेव्हा जिवंत अळी हवीच, आणि ती मोठी तर व्हायला नको. या कात्रीतून सुटायला क्ष-किरण कामी आले.

मात्रा ठरवणं मात्र सोपं नव्हतं. मात्रा कमी पडली तर पुरेशा अळ्या मोठ्या होतात आणि लशीनेच वासरू आजारी पडतं. जास्त झाली तर अळी इतक्या लवकर मरते की ग्रंथीत शिकवणी सुरू व्हायच्या आत शिक्षकच गायब. त्या काळच्या मापात ४०,००० रॉन्टजेनच्या, म्हणजे आजच्या साधारण ४०० ग्रेच्या आसपास तो मधला मुक्काम सापडला, जिथे अळ्या बरंच अंतर जातात पण नांदत नाहीत. एकाच वस्तूचं विष होतं की लस, हे इथे ती किती दिवस जगली यावर ठरतं.

लस पाजलेल्या वासरांपैकी काहींना आठवड्या-दीड आठवड्याने बारीक खोकला येतो. शेतकऱ्याला ती लस बाधली असं वाटतं. खरं तर काही अळ्या फुप्फुसापर्यंत पोहोचल्याची ती खूण असते. पुढे कुरणावर खऱ्या अळ्या आत येतात तेव्हा बहुतेक वाटेतच, ग्रंथीत किंवा फुप्फुसात उतरताच, मारल्या जातात. तयार बसलेली प्रतिपिंडं अळीला चिकटतात, इओसिनोफिल तिच्याभोवती कोंडाळं करतात. थोड्या निसटतात आणि मोठ्या होतात. लस घेतलेल्या कळपाच्या कुरणावरसुद्धा म्हणून थोड्या अळ्या फिरत राहतात.

हे वैगुण्य वाटतं, पण त्याचा उपयोगच होतो. लशीने आलेला प्रतिकार आपोआप वर्षानुवर्षं टिकत नाही. दर मोसमात कुरणावरच्या थोड्या अळ्या पोटात जात राहिल्या तर त्याची उजळणी होते. वासरू अळ्यांपासून अगदी दूर ठेवलं तर शरीर धडा विसरू लागतं. १९८०च्या दशकात आयव्हरमेक्टिनसारखी प्रभावी, बराच काळ पुरणारी जंतनाशकं आली आणि लशीचा खप घसरला. औषधाच्या छायेत वाढलेल्या काही वासरांची अळ्यांशी ओळखच झाली नाही. त्यानंतरच्या वर्षांत ब्रिटनमध्ये मोठ्या, दुभत्या गायींनाच या खोकल्याने गाठल्याच्या घटना वाढल्या. एरवी हा आजार पहिल्या वर्षी चरायला निघालेल्या वासरांचा.

जाता जाता कुरणावरच्या एका वल्लीची ओळख करून देतो. अळ्या शेणातून बाहेर पडतात, पण त्या आळशी असतात, त्यांना लांब जाववत नाही. शेणावर पायलोबोलस नावाची बुरशी उगवते. तिच्या पारदर्शक देठाच्या टोकाला बीजाणूंची काळी टोपी असते आणि ती दाब साठवून ही टोपी दोन-तीन मीटर लांब उडवते. फुप्फुसकृमीच्या अळ्या देठावरून चढून टोपीवर जाऊन बसतात आणि तिच्याबरोबर शेणापासून दूर, ताज्या गवतावर जाऊन पडतात. गाय शेणाजवळचं गवत टाळते, पण या उडत्या प्रवाशांपुढे तिची खबरदारी तोकडी पडते.

सगळे यजमान सारखे नसतात

वासरांत इतकं छान जमल्यावर लोकांनी तीच किल्ली दुसऱ्या कुलुपांना लावून बघितली. काही उघडली.

मेंढ्यांच्या फुप्फुसातला भाऊबंद कृमी, डिक्टिओकॉलस फिलारिया, हे सरळ उघडलेलं कुलूप. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने त्याच्या अळ्यांना गॅमा किरण देऊन लस केली आणि ती काश्मीरच्या मेंढ्यांमध्ये वापरली गेली. युगोस्लाव्हियातही अशीच लस होती.

मग हिमॉन्कस. हा मेंढ्यांच्या जठरात राहून रक्त पिणारा कृमी. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते आणि भरपूर कृमी झाले की मेंढी रक्तक्षयाने मरते. वाढलेल्या, सात-आठ महिन्यांपुढच्या मेंढ्यांना किरण मारलेल्या अळ्या दिल्या तर प्रयोगात नव्वद टक्क्यांच्या वर कृमी अडवले गेले. पण तीनेक महिन्यांच्या कोकरांना तीच लस, तेवढीच मात्रा दिली, तर फरक नगण्य. आणि गरज तर कोकरांनाच, कारण मरतात ती. कोकराची प्रतिकारयंत्रणा सरसकट कच्ची असते असंही म्हणता येत नाही, दुसऱ्या लशींना ते प्रतिसाद देतं, फुप्फुसकृमीच्या लशीलाही देतं. जठराच्या अस्तरावर बसणाऱ्या या कृमीला तोंड द्यायला लागणारी स्थानिक जुळणी, म्हणजे मास्ट पेशी (ॲलर्जीत रसायनं सोडणाऱ्या पेशी), श्लेष्मा, इओसिनोफिल यांची वेळेवर जमवाजमव, कोवळ्या वयात नीट होत नाही. अळी कुठे थांबते याला किती महत्त्व आहे ते इथे पुन्हा दिसतं. ग्रंथीतून जाणारी अळी कोकरालाही शिकवून जाते, जठराच्या अस्तरातून पुढे न जाणारी शिकवत नाही. ही तुलना मी केलेली आहे आणि यात दुसरीही कारणं मिसळलेली असणार, पण मला ती पटते. हिमॉन्कसवर शेवटी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात लस आली, ती किरणांची नाहीच. कृमीच्याच आतड्यातली प्रथिनं काढून ती मेंढीला टोचतात, कृमी तिचं रक्त पितो आणि रक्ताबरोबर आलेली प्रतिपिंडं त्याचंच आतडं निकामी करतात.

यकृतकृमीच्या बाबतीत मेंढी याहून हताश. नेहमीच्या फॅसिओला हेपॅटिकाची लागण वारंवार झाली तरी मेंढी फारसं काही शिकत नाही, मग किरण मारलेल्या अळीने काय शिकणार? गायीगुरं त्या मानाने बरी शिकतात.

शिस्टोसोमाची गोष्ट वेगळ्याच दिशेने जाते. हे रक्तवाहिन्यांत राहणारे चपटे कृमी, पाण्यातून कातडी भेदून शिरतात. उंदरांवर यांचा जितका अभ्यास झाला तितका क्वचित दुसऱ्या कुठल्या कृमीचा झाला असेल. सुमारे २०० ग्रे दिलेल्या अळ्या एकदा कातडीवर सोडल्या तर नंतर येणाऱ्या खऱ्या अळ्यांपैकी साठ-सत्तर टक्के अडवल्या जातात. अधू अळ्या कातडीत, तिथल्या लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसात रेंगाळतात, ही गोष्ट ओळखीची आहे. पण उंदराचं शरीर इथे ॲलर्जीच्या वाटेने जात नाही. विषाणू किंवा क्षयाच्या जंतूंसाठी राखून ठेवलेली वाट ते निवडतं, जिचं मुख्य हत्यार इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन. पुढे खरी अळी फुप्फुसात आली की तिच्याभोवती पेशींचं कडं पडतं. हे कडं तिला थेट मारतं असंही दिसत नाही. ते वाट अडवतं. फुप्फुसाच्या नाजूक केशवाहिन्यांतून रांगत पुढे जायचं असताना रस्त्यात गर्दी उभी राहते, अळी भरकटून वायुकोशात पडते आणि तिचा प्रवास संपतो. लस पुन्हा पुन्हा दिली तर प्रतिपिंडांचा वाटा वाढतो. म्हणजे एकाच लशीला शरीराने किती वेळा तोंड दिलं, त्यावर ते कुठलं शस्त्र उचलेल हे बदलतं.

उंदरातला आकडा मोठ्या जनावरांत तसाच्या तसा उतरेल याची हमी नसते. तरी सुदानमध्ये गुरांना शिस्टोसोमा बोव्हिसच्या किरण मारलेल्या अळ्या टोचून त्यांना नेहमीच्या लागणीच्या पाण्यावर सोडलं, तेव्हा त्यांच्यात कृमी आणि विष्ठेतली अंडी दोन्ही निम्म्याहून कमी झालेली आढळली. १९८० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कॅमेरूनमधल्या गुरांवरचा एक प्रयोग मला यातला सगळ्यात बोलका वाटतो. तिथे ऑन्कोसेर्का ओखेंगी हा कृमी गुरांच्या कातडीखाली गाठी करतो. माणसाला आंधळं करणाऱ्या नदीकाठच्या रोगाचा कृमी त्याचा जवळचा नातलग. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन तऱ्हेची गुरं एकत्र होती. काही निसर्गतःच प्रतिकार असलेली, काही औषधाने कृमीमुक्त केलेली आणि काही किरण मारलेल्या अळ्या टोचलेली. सगळ्यांना चावऱ्या माश्यांच्या प्रदेशात चरायला सोडलं. पहिली आणि तिसरी तऱ्हा तगली. औषधाने बऱ्या झालेल्या गुरांकडे संरक्षण नव्हतं, त्यांना पुन्हा लागण झाली. कृमी होऊन जाणं आणि कृमीपासून शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतं.

कुत्र्यांची लस आणि चार अंडी

आता ते अडलेलं घोडं. अंकुशकृमी कुत्र्याच्या पिल्लांच्या आतड्याला दातांनी लटकून रक्त पितात. आईच्या दुधातूनही त्यांच्या अळ्या पिल्लांना मिळतात, त्यामुळे लागण फार कोवळ्या वयात होते. टॉमस मिलर यांनी ग्लासगोतल्याच कामाचा धागा पकडून अळ्यांना ४०,००० रॉन्टजेन दिले आणि त्या तोंडावाटे न देता कातडीखाली टोचल्या. कोकरांसारखी अडचण इथे आली नाही, लहान पिल्लंही शिकली. कृमींची संख्या साधारण नव्वद टक्क्यांनी घटली आणि पिल्लं रक्तक्षयाने मरायची थांबली. १९७३ मध्ये ही लस अमेरिकेत विक्रीला आली. १९७५ मध्ये बंद झाली.

का? लस चालत नव्हती म्हणून नाही. लस दिलेल्या कुत्र्याची विष्ठा पशुवैद्य सूक्ष्मदर्शकाखाली बघत आणि त्यांना चार अंडी दिसत. विषाणूच्या लशींनी लागलेल्या सवयीमुळे त्याचा अर्थ ते ‘लस फसली’ असा काढत. कुत्रा ठणठणीत आहे, फक्त थोडे कृमी बाळगून आहे, हे मालकाला कसं पटवायचं? शिवाय जिवंत अळ्यांची बाटली फार दिवस टिकत नाही, ती महाग पडते आणि एकाच जातीच्या कृमीवर चालते. जंताची गोळी स्वस्त, अनेक कृमींवर एकदम लागू आणि दिल्यावर अंडी शून्य. पिल्लाच्या शरीराने आपलं काम चोख केलं होतं, माणसांनी मोजताना चुकीची पट्टी लावली, असं माझं मत आहे. गायींच्या बाबतीत शेतकरी खोकला मोजत होते, म्हणून तिथली लस टिकली.

माणसाच्या अंकुशकृमीवर हाच विचार पुन्हा वर आला आहे. ऑस्ट्रेलियात काही स्वयंसेवकांच्या कातडीवर अतिनील किरणांनी अधू केलेल्या अळ्या सोडल्या आणि नंतर धडधाकट अळ्यांची लागण करून बघितली. अधू अळ्या आधी मिळालेल्यांच्या विष्ठेतून नंतर कमी अळ्या निपजल्या, असं २०२१ मध्ये जाहीर झालं. गट लहान होता. स्वयंसेवकांना त्रास झाला तो मुख्यतः अळ्या शिरल्या त्या जागी खाज आणि पुरळ, म्हणजे पुन्हा तीच ॲलर्जीसारखी लगबग.

इतकी वर्षं गेली, जनुकं वाचता येऊ लागली, प्रथिनं एकेक करून प्रयोगशाळेत बनवता येऊ लागली. फुप्फुसकृमीच्या अशा कुठल्याही एका प्रथिनाने अजून अर्धमेल्या अळीची जागा घेतलेली नाही. अळी तिच्या प्रवासात एकाच वेळी शेकडो गोष्टी दाखवते, नेमक्या क्रमाने आणि नेमक्या जागी. बाटलीत भरता येतो तो त्यातला एखादा तुकडा.

म्हणून लस बनवण्याची रीतही जुनीच आहे. अळ्या ताटलीत पिकवता येत नाहीत, प्रौढ कृमी जिवंत जनावरातच लागतो. एका वासराला मुद्दाम लागण करतात. ते खोकू लागलं की त्याचं शेण गोळा करून, ओलावा आणि ऊब राखून अळ्या तिसऱ्या अवस्थेपर्यंत वाढू देतात. मग त्या धुवून, मोजून किरणांखाली धरतात आणि एका मात्रेत हजार या हिशेबाने बाटल्यांत भरतात. बाटलीवरची मुदत काही आठवड्यांची. ती संपली की दुसरं वासरू.